मागचे पाय

रात्री साडेनऊला हर्षालीचा फोन.
मागे वारा, माणसांचा गलका,
कुणीतरी जेसीबीवाल्याला ओरडून सांगतंय, थांब.
आप्पा, देवमासा लागलाय किनाऱ्याला. मेलेला.
चौतीस फूट. दोन दिवस मापं घेतोय.
वासाचं विचारू नका.

मी वासाचं विचारत नाही.
एकतीस वर्षं शिंदखेडा तालुक्यात
गुरांच्या दवाखान्यात काढलीत,
कोपरापर्यंत हात घालून
कंदिलाच्या उजेडात अडलेली वासरं फिरवलीत.
आधी पुढचे दोन खुर यावेत, त्यांवर नाक टेकलेलं,
पाया पडल्यासारखं.
शेपूट आधी हाताला लागलं
की गोठ्यातल्या बाईला सांगायचं, चहा ठेव, रात्र मोठी आहे.

तिकडे उलटं, ती म्हणते.
शेपूट आधी, डोकं अगदी शेवटी,
नाहीतर पहिला श्वास पाण्याचाच.
मग आई ढुशी देत पिल्लाला वर नेते.
आणि दूध?
असतं ना. खव्यासारखं दाट.
फॅट किती लागते, मी विचारलं, सवयीनं.
तीसच्या वर, म्हणाली.
हिलाल आबाच्या जाफराबादीला डेअरीत आठ लागली
तर तो आठवडाभर पारावर सांगतो.

तिच्या लहानपणी माझ्या टेबलाच्या खणात
शेळीच्या घोट्याचं एक हाड असायचं.
वर खाच, खाली खाच,
मोटेच्या चाकासारखी गुळगुळीत.
ती ते फरशीवर टाकायची, उभं पडलं की जिंकली.
कॉलेजात गेल्यावर एका रात्री असाच फोन :
आप्पा, पुस्तकात आपलं हाड आहे,
आणि खाली लिहिलंय, देवमासा.

लांडग्याएवढं जनावर होतं म्हणे,
चार पायांचं, ओढ्याकाठचं,
घोट्यात तेच चाक.
आपला काळा दगड तेव्हा
केव्हाच थंड होऊन बसला होता,
आणि हे अजून काठावर उभं,
पाण्यात एक पाय, बाहेर तीन.
कुणी हाकललं नसेल त्याला.
एक पाऊल, मग तिथंच जरा वेळ.
असं पन्नास लाख वर्षं. एक कोटी.

आज मांस कापताना हाड सापडलं, हर्षाली म्हणाली.
आवाज एकदम खाली आला होता.
विळ्याएवढं, वाकडं,
कण्याला जोडलेलं नाही, कशालाच नाही.
कमरेचं हाड, आप्पा. मागच्या पायांचं.
आणि पाय?
पाय कधीच गेले.
मी ते धुऊन टॉवेलात गुंडाळून ठेवलंय.
जेवलीस का, मी विचारलं.
हाताचा वास जात नाही, म्हणाली.

सकाळी सुलवाड्याच्या बॅरेजवर गेलो.
पायऱ्या उतरताना माझी कंबर दुखते,
जोडलेली आहे म्हणून दुखते.
फुगवट्यात म्हशी बसलेल्या,
फक्त शिंगं, डोळे आणि नाकपुड्या पाण्यावर.
एकीनं नाकपुड्या मिटल्या, खाली गेली.
मी मोजायला लागलो. अकरापर्यंत मोजलं.

मासा शेपूट डावी-उजवी मारतो.
देवमासा मारतो वर-खाली,
कारण त्याची पाठ वासराची आहे,
दावं तुटल्यावर चौखूर उधळलेल्या वासराची,
आणि अजून थांबलेली नाही.

हिलाल आबाला हे सगळं सांगितलं.
तो तंबाखू मळत ऐकत होता.
"म्हंजे म्हैसच ना ती?
पानीमा गयी, नि उनीच नही."
मग उठून काठी पाण्यावर आपटत
त्यानं आपल्या म्हशींना नावानं हाका मारल्या.
चंद्री आली. भुरी आली. बांडी आली,
अंगावरून तापी गळत.
जाफराबादीनं कान हलवला फक्त.

आबा पुन्हा ओरडला नाही.
"तुनी पोर कवय येस?" त्यानं विचारलं.
दिवाळीला, मी म्हणालो.
गेल्या वर्षीही हेच म्हणालो होतो.